न खेळलेल्या मॅचचीही बातमी छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारी तुमच्या खेळाच्या पानावर एकही मॅच न हरता सीझन संपवणाऱ्या टीम्सवर मोठा लेख आला होता. चांगला होता, मी कापून ठेवलाय आणि मैदानावरच्या पोरांनाही वाचायला दिला. पण त्यात एक टीम राहिली. तिच्याबद्दल मराठी पेपरात आलेलं मी तरी कधी वाचलं नाही, म्हणून लिहायला बसलो. पत्र लांबणार आहे, जागा कमी पडली तर माझ्याबद्दलचा भाग काढा पण त्या टीमबद्दलचा राहू द्या ही विनंती.

साल १९५१. अमेरिकेतलं सॅन फ्रान्सिस्को विद्यापीठ, आपल्या झेवियर्ससारखंच जेसुइट फादर लोकांनी काढलेलं, तेव्हा तसं छोटंच. त्यांच्या टीमचं नाव डॉन्स. खेळ फुटबॉल, पण आपण कूपरेजवर बघतो तो नाही, अमेरिकन फुटबॉल, ज्यात बॉल हातात धरून पळायचं, अकरा विरुद्ध अकरा, आणि समोरच्यांनी अंगावर येऊन आडवं पाडायचं. ज्याने कबड्डीत चढाई करून परतताना मागून चार जणांची पकड अंगावर घेतली आहे त्याला हा खेळ समजायला पाच मिनिटं पुरतात. आणि तिकडे कॉलेजच्या मॅचला स्टेडियमं भरतात, पेपरवाले गर्दी करतात, पोरं अख्ख्या देशात फेमस होतात, त्यामुळे कॉलेजची टीम म्हणजे काहीतरी हौशी प्रकार असं समजू नका.

कोच होते जो कुहारिच. कडक माणूस. टीममध्ये कोण कोण होतं बघा. ऑली मॅट्सन, बॉल घेऊन पळणारा, त्या सीझनला १,५६६ यार्ड पळाला आणि २१ टचडाउन केले, म्हणजे तेवढ्या वेळा बॉल समोरच्या टोकाला नेऊन पॉइंट मिळवले, पळण्यात अख्ख्या देशात पहिला नंबर. बर्ल टोलर, समोरच्याला अडवून आपटणारा, त्याच्या बाजूने कुणी सहज निघून जाईल हे शक्यच नव्हतं. जिनो मार्चेट्टी, जो दुसऱ्या महायुद्धात युरोपात लढून आला होता आणि मग कॉलेजात खेळत होता. बॉब सेंट क्लेअर, सहा फूट नऊ इंच उंची. या टीममधले मॅट्सन, मार्चेट्टी आणि सेंट क्लेअर असे तिघं पुढे प्रो फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेले, एका कॉलेजच्या एकाच टीममधून तिघं. आणि टीमच्या प्रसिद्धीचं काम बघणारा पीट रोझेल नावाचा एक तरुण होता, तो पुढे त्यांच्या सगळ्यात मोठ्या लीगचा, एनएफएलचा, कमिशनर झाला आणि १९६० ते १९८९ त्या खुर्चीवर होता.

सीझन नऊ मॅचचा. पहिली सॅन होजे स्टेटबरोबर, ३९-२. मग एकेक करत जिंकत गेले. मला सगळ्यात आवडणारी मॅच न्यूयॉर्कची, फोर्डहॅम विद्यापीठाबरोबर, कारण घरच्यासारख्या मैदानावर कुणीही जिंकतो पण तेव्हा देशाच्या या टोकावरून त्या टोकाला जायचं आणि तिकडच्या लोकांसमोर खेळायचं म्हणजे खायचं काम नाही. या खेळात पॉइंट झाले की बॉल लांब लाथेने समोरच्यांकडे उडवतात, त्याला किक-ऑफ म्हणतात, तो झेलून जेवढं पुढे पळता येईल तेवढं पळायचं, अंगावर अकरा जण धावत येत असतात. साधारणपणे वीस-पंचवीस यार्डावर माणूस आडवा होतो. मॅट्सनने त्या एका मॅचमध्ये असा बॉल दोन वेळा झेलला आणि दोन्ही वेळा नव्वद किंवा त्याहून जास्त यार्ड पळत थेट समोरच्या टोकाला नेऊन ठेवला. मैदानच शंभर यार्डाचं, म्हणजे विचार करा. तरीही मॅच शेवटपर्यंत अडकलेली होती, ३२-२६ ने सुटली. न्यूयॉर्कच्या पत्रकारांनी त्याला त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी बघितला.

नंतर कॉलेज ऑफ पॅसिफिकला ४७-१४, आणि शेवटची लोयोलाबरोबर २०-२. नऊपैकी नऊ. देशाच्या यादीत चौदावा नंबर.

आता मुद्दा. तिकडे सीझन संपला की नवीन वर्षाच्या आसपास मोठ्या मॅचेस होतात, त्यांना बोल म्हणतात. त्या तेव्हा आमंत्रणावर असायच्या. कमिटीचे लोक ठरवायचे कुणाला बोलवायचं. बोलला गेलं की नाव आणि नावापेक्षा महत्त्वाचं म्हणजे पैसा. आणि डॉन्सला पैशाची भयंकर गरज होती कारण फुटबॉलचा खर्च विद्यापीठाला झेपत नव्हता, तोटा वाढत चालला होता, खेळ बंद करायची भाषा चालली होती. एक बोल मिळाला असता तर वर्षभर श्वास घ्यायला मिळाला असता हे त्या पोरांना माहीत होतं.

बोलच्या बहुतेक मोठ्या मॅचेस दक्षिणेत. मायामी, न्यू ऑर्लिन्स, तो भाग. तिथे तेव्हा काळ्या-गोऱ्यांना वेगळ्या शाळा, वेगळे नळ, वेगळी हॉटेलं, कायद्यानेच. आणि डॉन्समध्ये दोन काळे खेळाडू होते, मॅट्सन आणि टोलर. टोलर टेनेसीतला मेम्फिसचा, मॅट्सन टेक्सासचा, म्हणजे दोघंही त्याच दक्षिणेतून आलेले, तिथे काय चालतं हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. निरोप आला तो साधा होता. बाकीची टीम घेऊन या, त्या दोघांना घरी ठेवा.

टीमने नाही म्हटलं. सगळ्या टीमने. ती दोघं बोलायच्या आधी बाकीची बोलली. यातल्या बहुतेक पोरांची ही आयुष्यातली सगळ्यात मोठी मॅच ठरली असती, कित्येक जण गरीब घरातली, स्कॉलरशिपवर शिकणारी, आणि खेळ बंद झाला तर पुढच्या वर्षी आपलं काय हा प्रश्न शिक्षणाची वर्षं बाकी असलेल्या प्रत्येकासमोर होता. तरी नाही म्हटलं. (काही लोक म्हणतात की त्यांच्या समोरच्या टीम्स फार तगड्या नव्हत्या म्हणून बोलवलं नाही. मला हे पटत नाही. टीम कमकुवत वाटली असती तर दोन माणसं सोडून या असं कुणी सांगितलंच नसतं.)

बोल मिळाला नाही. फुटबॉल बंद झाला, त्याच सीझननंतर, न हरलेली टीम असताना विद्यापीठाला टीम मोडावी लागली. सेंट क्लेअरला शेवटच्या वर्षाला दुसऱ्या विद्यापीठात जावं लागलं. टोलरचा गुडघा पुढच्याच वर्षी एका प्रदर्शनी मॅचमध्ये गेला आणि खेळणं संपलं, तो शिक्षक झाला, मग सॅन फ्रान्सिस्कोतच मुख्याध्यापक झाला, आणि १९६५ साली एनएफएलमध्ये रेफरींच्या पथकात आला, तिथला पहिला काळा माणूस. १९८० च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या फायनलमध्ये, तो मैदानावर होता. मॅट्सन १९५२ ला हेलसिंकी ऑलिम्पिकला गेला आणि ४०० मीटरमध्ये ब्राँझ आणि रिलेत सिल्व्हर घेऊन आला.

हेलसिंकी म्हटल्यावर मराठी माणसाला दुसरं कोण आठवणार. त्याच ऑलिम्पिकमध्ये गोळेश्वरचे आपले खाशाबा जाधव कुस्तीत ब्राँझ घेऊन आले. त्यांना पाठवायला पैसे नव्हते म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. एका कॉलेजच्या प्राचार्याने. हे दोघं एकाच गावात एकाच महिन्यात ब्राँझ घेत होते आणि दोघांच्याही मागे त्यांचं कॉलेज कुठल्या ना कुठल्या रूपात उभं होतं, ही गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही.

आता पेपरबद्दल बोलतो कारण पत्र तुम्हाला आहे. त्याच १९५१ च्या सीझनमध्ये, २० ऑक्टोबरला, ओक्लाहोमात ड्रेक विद्यापीठाची मॅच होती. ड्रेकचा काळा खेळाडू जॉनी ब्राइट, तेव्हा देशातल्या सगळ्यात भारी खेळाडूंपैकी एक. त्याच्याकडे बॉल नसताना, खेळ दुसरीकडे चाललेला असताना समोरच्या टीममधल्या एकाने धावत येऊन त्याच्या तोंडावर कोपराने मारलं, जबडा मोडला. आता हे मैदानावर घडलं आणि विसरलं गेलं असतं, रेफरीने दंडही दिला नाही. पण दे मॉइन रजिस्टर या पेपरचे दोन फोटोग्राफर, डॉन अल्टांग आणि जॉन रॉबिन्सन, तिथे कॅमेरा लावून बसले होते. त्यांनी एकापाठोपाठ एक फोटो काढले, पेपरने ते छापले आणि मग कुणाला नाही म्हणायला जागाच उरली नाही. पुढच्या वर्षी त्या फोटोंना पुलित्झर, तिकडचं पत्रकारितेतलं सगळ्यात मोठं बक्षीस, मिळालं. ड्रेक विद्यापीठाने निषेध म्हणून ती लीगच सोडली. मारणाऱ्या टीमच्या विद्यापीठाने माफी मागितली ती २००५ साली, तोवर ब्राइट जाऊन वीसच्या वर वर्षं झाली होती, पण मागावी लागली, कारण फोटो होते.

आणि डॉन्सचं काय? त्यांचा फोटो कसला काढणार, मॅच झालीच नाही ना. मॅच झाली नाही म्हणजे स्कोअर नाही, स्कोअर नाही म्हणजे बातमी नाही. ती गोष्ट वर्षानुवर्षं त्या पोरांच्या आपापसात राहिली, विद्यापीठाने त्यांना मानद पदवी दिली ती २००६ मध्ये, पंचावन्न वर्षांनी, तेव्हा काही जण राहिले होते, काही गेले होते. मला यातलं सगळ्यात जास्त हेच लागतं.

आपल्याकडे हे झालं नाही असं म्हणायला मी तयार नाही. मरीन ड्राइव्हवरून चालत गेलं की हिंदू जिमखाना, इस्लाम जिमखाना, पारशी जिमखाना एकापाठोपाठ एक लागतात, एकेकाळी या शहरातलं सगळ्यात मोठं क्रिकेट धर्माच्या नावाने टीम पाडून खेळलं जायचं आणि ते १९४६ पर्यंत चाललं. आणि हिंदूंच्या टीमचा सगळ्यात मोठा बोलर होता पालवणकर बाळू, चांभार समाजातला. १९११ ला इंग्लंडच्या टूरवर ११४ विकेट काढल्या त्याने. पण पुण्यात त्याला चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात दिला जायचा आणि कॅप्टनपद त्याला कधी द्यायचंच नाही असं वर्षानुवर्षं चाललं. १९२० साली कॅप्टनपदावरून पालवणकर भावांना परत डावललं गेलं तेव्हा विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी टीममधून नाव काढून घेतलं आणि जाहीर निवेदन काढून कारण सांगितलं. शहरात मोठा गोंधळ झाला, मग त्यांना परत आणावं लागलं, आणि तीन वर्षांनी १९२३ ला विठ्ठल कॅप्टन झाला आणि त्याच्या टीमने युरोपियन लोकांना हरवलं, लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं.

पण तिथे एक फरक आहे आणि तो मी पोरांना नेहमी सांगतो. विठ्ठल आणि शिवराम बाहेर पडले ते दोघंच. ज्यांचा अपमान झाला तेच बाहेर पडले. बाकीचे मैदानात उतरले, मॅच झाली. सॅन फ्रान्सिस्कोत ज्यांचा अपमान झाला नव्हता ते सगळे आधी बाहेर पडले. ही गोष्ट फार वेगळी आहे, फार कठीण आहे, आणि विठ्ठल-शिवरामच्या धाडसाला यामुळे कमीपणा येत नाही, उलट ते किती एकटे होते ते कळतं.

आता माझ्याबद्दलचा भाग, हवा तर कापा. मी कॉलेजात कबड्डी खेळलो, आता नायगावला राहतो आणि संध्याकाळी कॉलेजच्या पोरांना शिकवतो. मध्यंतरी पोरांना एका तालुक्याच्या गावच्या स्पर्धेचं बोलावणं आलं. गाव कुठलं ते लिहीत नाही. प्रवेश फी भरली, गाडी ठरवली, ॲडव्हान्स दिला. जायच्या दोन दिवस आधी फोन आला की टीमची पूर्ण नावं पाठवा, आडनावासकट. पाठवली. रात्री परत फोन. राहायची सोय एका समाजाच्या हॉलमध्ये आहे, तुमच्यातल्या दोघांची व्यवस्था दुसरीकडे करू, जेवण पण तिकडेच पाठवू, तुम्ही काळजी करू नका. अगदी गोड बोलून. शिवी नाही, काही नाही. फोन आमच्या कॅप्टनने घेतला होता, तो एकोणीस वर्षांचा, त्याने मला विचारलं नाही, त्या दोघांना पण विचारलं नाही, बाकीच्यांना फोन केले आणि तासाभरात कळवून टाकलं की आम्ही येत नाही. मला दुसऱ्या दिवशी मैदानावर कळलं. ती दोघं पोरं त्या संध्याकाळी प्रॅक्टिसला आली, एकाने नेहमीसारखी मैदानावर फक्की मारली, दुसऱ्याने वॉर्म-अप घेतला, कुणी त्या विषयावर एक शब्द बोललं नाही. कॅप्टनच्या हातात वही होती, त्यात तो गाडीवाल्याकडून ॲडव्हान्सचे किती पैसे परत मिळतील याचा हिशोब करत होता. फी गेली ती गेली. स्पर्धा झाली, तिचा निकाल पेपरात आला, कोण जिंकलं, किती पॉइंटने, बेस्ट रेडर कोण, सगळं आलं. आमची पोरं आली नाहीत आणि का आली नाहीत हे कुठेच आलं नाही. आयोजकांच्या रेकॉर्डला आम्ही गैरहजर.

गैरहजर. डॉन्स पण त्या बोलला तसे गैरहजरच ना.

संपादक साहेब, तुमच्या पानावर स्कोअरकार्ड छापायला जागा असते, परदेशातल्या लीगच्या पॉइंट टेबलला असते, तिकडच्या खेळाडूची गाडी किती कोटीची याला पण असते, मी ते सगळं वाचतो, तक्रार नाही. पण मॅच जेव्हा एखादी टीम खेळत नाही तेव्हा का खेळली नाही हे विचारायला तुमचा बातमीदार एक फोन करत नाही. वॉकओव्हर लिहिलं की विषय संपतो. त्या एका शब्दामागे काय असतं ते बघा. कधी गाडी बंद पडलेली असते, कधी पोरांची परीक्षा असते, आणि कधी असं काही असतं जे समजलं तर त्या आयोजकाला पुढच्या वेळी नावांची यादी आडनावासकट मागताना दहा वेळा विचार करावा लागेल.

आणि त्याचबरोबर जुन्या गोष्टी पण लिहा. ही विनंती दुसरी. पालवणकर भावांबद्दल आजच्या कॉलेजच्या पोरांना विचारलं तर दहातल्या नऊ जणांना नाव पण माहीत नसतं, यात पोरांचा दोष नाही, त्यांना कुणी सांगितलंच नाही. परळ, लालबाग, नायगाव, वरळी, डिलाईल रोड या भागात गिरणी कामगारांच्या पोरांनी खेळलेली कबड्डी, कुस्ती, फुटबॉल, त्या टीममध्ये कोण कुणाबरोबर जेवायचं, कुणाला कुठे उतरू दिलं नाही आणि तेव्हा बाकीच्यांनी काय केलं, हे सांगणारी म्हातारी माणसं अजून आहेत, चाळीच्या कट्ट्यावर बसलेली असतात. त्यांच्याकडे कप असतील नसतील, फोटो पण नसतील. पण त्यांना विचारलं तर ते सांगतात, मी ऐकलंय. ती गेली की ही माहिती कुठल्याच रेकॉर्डमध्ये मिळणार नाही.

शाळा-कॉलेजच्या जिमखाना विभागालाही यानिमित्ताने सांगायचं आहे की बाहेरच्या स्पर्धेचं बोलावणं स्वीकारताना राहण्या-जेवणाची सोय सगळ्या खेळाडूंची एकत्र असेल हे आधी लेखी मागून घ्या. एक ओळ लागते. तशी ओळ मागितली तर निम्मे प्रश्न तिथेच मिटतात आणि एकोणीस वर्षांच्या पोरावर रात्री फोनवर निर्णय घ्यायची वेळ येत नाही. त्याने घेतला, बरोबर घेतला, पण ते काम मोठ्यांचं होतं.

आमच्या कॅप्टनशी बोलायचं असेल तर त्याला विचारून नंबर कळवीन. तो बोलेल की नाही माहीत नाही, सध्या त्याचं सगळं लक्ष पुढच्या महिन्यातल्या इंटरकॉलेजवर आहे, आणि ती दोघंही टीममध्ये आहेत, एक डावा कोपरा खेळतो आणि दुसरा रेडर आहे. मॅच बघायला कुणाला तरी पाठवा.

आपला नम्र,
एक जुना कबड्डीपटू, नायगाव, मुंबई